पुन्हा उतरवलेलं वजन

गाद्यांच्या कारखान्यातल्या शिलाई विभागात सगळे तिला थोरली म्हणायचे. वयानं काही ती तिथली सगळ्यांत मोठी नव्हती. पण तिचा धाकटा भाऊ काही वर्षं त्याच कारखान्यात फोम कापायच्या मशीनवर होता, आणि "आमच्या थोरलीला विचारा", "थोरली ओरडेल हं" असं तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. पुढे त्यानं ती नोकरी सोडून घरं रंगवायचा धंदा सुरू केला. नाव मात्र राहिलं.

थोरली त्या विभागाची मुकादम. गादीचं वरचं कापड, खालचं कापड आणि मधली पट्टी जिथे एकत्र येतात ती कड शिवणं हे तिथलं सगळ्यांत किचकट काम. मशीन गादीभोवती फिरतं आणि शिवणाऱ्यानं त्याच्याबरोबर सरकत जायचं. कोपऱ्यावर हात जरा ढिला पडला की कापडाला चुणी पडते आणि सगळी कड उसवावी लागते. नवीन आलेल्या पोरींना ती स्वतः शेजारी उभी राहून शिकवायची आणि चुकलं की सगळ्यांसमोर झापायची. पण डबा खाताना त्याच पोरीला शेजारी बसवून आपल्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवायची. समोरचा उपाशी दिसला की तिच्या जिवाला चैन पडत नसे. ती सवय जुनी होती. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची आणि भाऊ नऊचा. त्या वयापासून तिनं त्याला रांधून घातलं होतं, आणि तो जे ताटात टाकायचा ते वाया नको म्हणून स्वतः संपवलं होतं.

अंगानं ती पहिल्यापासून भरलेली. पन्नाशी जवळ आली तशी चांगलीच जाड झाली. त्याचं तिला काही वाटत नसे, निदान ती तसं दाखवत नसे. "मी बसून बघितलेली गादी गिऱ्हाइकाकडून कधी परत आलेली नाही," असं ती स्वतःच म्हणायची, आणि लोक हसायच्या आधी स्वतः हसायची.

मग धाकट्याच्या किडन्या गेल्या.

एका इमारतीचा बाहेरचा रंग चालू असताना त्याला परांचीवर श्वास लागला. पाय सुजले होते, ते तो बरेच दिवस बुटात दडवत होता. दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि कळलं की रक्तदाबानं आतल्या आत दोन्ही किडन्यांची वाट लावली आहे. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. त्याची बायको शाळेच्या ऑफिसात कारकून होती, मोजकं बोलणारी. तिचा रक्तगट जुळेना. थोरलीचा जुळला, आणि पुढच्या तपासण्याही जुळत गेल्या.

किडनी बदलायच्या विभागातल्या डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी थोरलीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "सगळं उत्तम जुळतंय. पण या वजनाला मी तुमचं ऑपरेशन करणार नाही."

"मी किडनी देतेय डॉक्टर, चरबी नाही देत."

डॉक्टरबाई हसल्या, पण हट्ट सोडला नाही. "एक काढून घेतल्यावर उरलेल्या किडनीवर जन्मभर सगळं काम पडणार. उद्या या वजनामुळे तुम्हाला साखर झाली, ब्लडप्रेशर झालं, तर तुम्हीच डायलिसिसला त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसाल. एकाला उठवायचं आणि दुसऱ्याला पाडायचं, हे मला जमायचं नाही. पंधरा किलो उतरवा. मग तारीख देते."

थोरली घरी आली ती भरलेलं पोतं डोक्यावर घेतल्यासारखी. नवरा मालट्रक चालवायचा, आठवड्यातले बरेच दिवस बाहेर असायचा. त्या आठवड्यात तो घरी आला तर चहात साखर नाही, डब्यात बिस्किटं नाहीत आणि बायको संध्याकाळी बूट घालून दारात उभी. "कुठे पळून चाललीस?" त्यानं विचारलं. "पळता आलं असतं तर हा प्रश्नच आला नसता," ती म्हणाली आणि चालायला गेली.

ते पहिले महिने तसे सोपे गेले. उत्साह अंगात मावत नव्हता. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तिच्यासमोर कुणी तळलेलं काढत नसे. मापं बदलत होती, चरबीत लपलेली हनुवटी परत दिसायला लागली, बायका वाटेत थांबवून विचारायच्या. धाकटा डायलिसिसच्या खुर्चीतून म्हणायचा, "ताई, तू अशीच उतरत राहिलीस तर किडनीच्या आधी तूच संपशील." बारा किलो गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता थोडंच राहिलं, पुढच्या खेपेला तारीख ठरवू.

त्यानंतर ती पडली. माल चढवायच्या उतारावर गुंडाळायच्या प्लास्टिकचा तुकडा पडला होता, त्यावरून पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं, दीड महिना घरी बसायला सांगितलं.

ज्या बाईनं वयाच्या सतराव्या वर्षापासून दिवसा पाठ टेकली नव्हती ती एका खोलीत खिडकीशी पाय उशीवर ठेवून बसली. नवरा कामावर. शेजारच्या बायका मायेनं काही ना काही आणून द्यायच्या. आजारी माणसाला नाही कसं म्हणणार? सुरुवातीला ती अर्धं ठेवून द्यायची. मग एका दुपारी, काहीच घडलेलं नसताना, तिनं बिस्किटांचा पुडा उघडला आणि तळाशी चुरा उरेपर्यंत खाल्ला. खाताना डोक्यातलं सगळं गप्प होतं, हे तिला पहिल्यांदाच नीट जाणवलं. खाऊन झालं की मग परत सगळं सुरू. आजचा दिवस तर गेलाच, आता उद्यापासून, असं ती म्हणायची आणि संध्याकाळचंही दुप्पट खायची. उद्याही तसाच जायचा. पुढे पुढे 'उद्यापासून'चं 'प्लास्टर निघाल्यापासून' झालं.

प्लास्टर निघालं. दवाखान्यातल्या काट्यावर ती उभी राहिली. डॉक्टरबाईंनी आकडा बघितला, तिच्याकडे बघितलं आणि काट्यावरून उतरायला हात दिला. उतरवलेल्यातलं जवळजवळ सगळं परत आलं होतं.

"होतं असं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुन्हा सुरू करा. तारखेचं मात्र आता बोलता येणार नाही."

त्या दिवशी धाकट्याचा फोन आला. "काय म्हणाल्या गं?"

"दवाखान्यातच तारखा मिळत नाहीयेत," थोरली म्हणाली. "खूप पेशंट आहेत म्हणे."

एकदा असं बोलून गेल्यावर पुढच्या वेळी तेच बोलणं भाग होतं. ती रोज ठरवायची आणि रोज मोडायची. चालायला गेलं की घोटा सुजायचा, घरी बसलं की हात डब्याकडे जायचा. कारखान्यात आता कुणी काही विचारत नव्हतं. लोक नजर चुकवायचे, आणि ते तिला टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

तिकडे धाकटा खंगत चालला होता. डायलिसिसनंतर पायात असे गोळे यायचे की मोठा माणूस ओरडायचा. पाणी मोजून प्यायचं, त्यामुळे ओठ कायम फुटलेले. एकदा मशीनवर असतानाच रक्तदाब एकदम घसरला आणि त्याला चार दिवस अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. त्यानंतर त्याच्या बायकोनं स्वतः डॉक्टरबाईंना गाठलं आणि विचारलं, तारीख का मिळत नाही?

डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुमच्या नणंदेशी बोला."

ती तशीच ऑफिसच्या कपड्यांत थोरलीच्या घरी आली. थोरली स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. पुढ्यात लोणी लावलेला पाव होता, मांडीवर चुरा पडला होता. तो झटकायलाही तिला वेळ मिळाला नाही.

"ताई, दवाखान्यात तारखांची काही अडचण नाहीये ना?"

थोरलीनं पाव बाजूला सरकवला.

"खरं सांगा. तुम्हाला द्यायचीच नाहीये. तोंडानं नाही म्हणवत नाही म्हणून तुम्ही खाताय."

"जिभेला काही हाड?" थोरली उसळून उठली. "मी वाढवलंय त्याला! आईच्या जागी मी—"

"म्हणूनच विचारतेय. दुसऱ्या कुणाला विचारलं नसतं." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज चढला नाही. "द्यायची नसेल तर नका देऊ. पण आम्हाला आशेला लावून ठेवू नका." ती आली तशी निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

थोरली बराच वेळ ओट्याला धरून उभी होती. आधी तिला संताप आला, मग त्या पोरीचा राग राग केला, आणि मग राग ओसरल्यावर खाली जे उरलं ते बघून तिला घाम फुटला. कारण ती पोर अगदीच खोटं बोललेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन ती डायलिसिसच्या खोलीत गेली. दोन ओळींत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी मशीन, आणि नळ्यांतून रक्त गोल फिरत परत अंगात जाताना दिसतं. धाकटा डोळे मिटून पडला होता. अंगावर चादर होती तरी कुडकुडत होता. ती शेजारच्या स्टुलावर बसली. त्यानं डोळे उघडले.

"आज कामावर नाही?"

"तारखेचं मी खोटं सांगितलं रे तुला. दवाखान्याचं काही नाही. माझ्यामुळे अडलंय."

"माहीत आहे."

"बायकोनं सांगितलं?"

"तिच्या आधीपासून. तू आमच्या सोफ्यावर बसलीस की कळायचं मला. नऊ वर्षं फोम कापलाय मी, ताई. किती दबला की वर किती वजन आहे, ते मला काट्याशिवाय कळतं."

तिला हसू आलं आणि त्याच हुंदक्यात रडू आलं. मग ती बोलली. कुणालाच न सांगितलेलं बोलली. "मला भीती वाटते. आईचं ऑपरेशन साधंच होतं. मी संध्याकाळी सूप घेऊन येते म्हणून सांगून आले होते. सूप घेऊन गेले तर खाटेवरची चादर बदलत होते. जसजसं वजन उतरत होतं ना, तसतशी ती खाट जवळ यायची माझ्या. हाड मोडलं तेव्हा पहिल्या क्षणी काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. मग त्याचीच लाज वाटायची. लाज वाटली की खायचे."

धाकट्यानं चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. मशीनचा पंप फिरत होता.

"मग नको देऊस," तो म्हणाला.

"असं कसं?"

"असंच. माझं नाव यादीत आहे. कुणी गेलं की मिळेल कधीतरी, नाही मिळाली तर नाही. तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्याशी आहे तसाच बोलेन. तू मला आधीच पुष्कळ दिलंयस. पण ताई, खोटं बोलू नकोस. मी इथे चार-चार तास पडून तारखेचाच विचार करत असतो. तारीख नसेल तर नाही म्हण. मी दुसऱ्या कशाचा तरी विचार करीन."

तो हे रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं ती पुढे सांगायची. तो अगदी साधं बोलला होता.

ती डॉक्टरबाईंकडे गेली आणि तिथेही भीती बोलून टाकली. डॉक्टरबाईंनी तिला समजावलं नाही की धीर दिला नाही. दाता म्हणून तिच्याशी एकटीशी बोलायला एक वेगळ्या बाई होत्या, त्यांच्याकडे पाठवलं. त्या बाईंनी सगळे धोके उघड करून सांगितले, आणि म्हणाल्या, "तुम्ही आत्ता नाही म्हणालात तर घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तुमची किडनी घेता येत नाही. कारण कुणालाही कळणार नाही." दार उघडं होतं. थोरली त्या उघड्या दाराकडे काही दिवस बघत राहिली. शेवटी एका सकाळी कामावर निघताना तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी देणार आहे. भीती वाटतेय, पण देणार आहे."

नवरा बूट घालत होता. "तुझा घोटा चालू देत नाही ना," तो म्हणाला. "मग सपाट जागा बघ एखादी."

सपाट जागा कारखान्यातच होती. तयार गाद्यांच्या गोदामात छपरापर्यंत थप्प्या लावलेल्या असत आणि मधून लांबलचक गल्ल्या. जमीन गुळगुळीत, ऊन नाही, कुणी बघणारं नाही. डबा खाऊन झाला की ती तिथे चालायला लागली. पहिल्या दिवशी एका गल्लीच्या टोकाला जाऊन तिला थप्पीला टेकून उभं राहावं लागलं. सहा महिन्यांपूर्वी ती तास तास चालत होती, ते आठवून तिला तिथेच रडू फुटलं. गाद्यांमध्ये आवाज मुरतो, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्यांदाचं उतरवणं पहिल्यासारखं नव्हतंच. उत्साह नव्हता. कौतुक करायला कुणी नव्हतं. शरीरही पहिल्या खेपेला फसलं होतं, या वेळी ते हुशार झालं होतं. ती उपाशी राहायची तरी काटा ढिम्म. एका आठवड्यात उतरायचं, दुसऱ्यात परत चढायचं. आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी सांगितलं, उपाशी राहू नका, नेमानं खा, आणि एखाद्या वेळी घसरलात तर पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या. एवढी साधी गोष्ट, पण थोरलीला ती शिकायला फार जड गेली. कारखान्यातला म्हातारा पॅकिंगवाला निवृत्त झाला तेव्हा केक कापला, आणि तिनं सगळ्यांबरोबर खाल्ला, मग मागे उरलेलाही उभ्याउभ्या खाल्ला. घरी जाताना जुना आवाज होताच: आजचा दिवस गेला, आता उद्यापासून. ती घरी गेली, हात धुतले आणि रोजचंच जेवण रोजच्याच ताटात वाढून घेतलं. ते जेवण तिला विषासारखं लागलं, पण ती जेवली आणि दुसरं काही घेतलं नाही.

दर आठवड्याला ती धाकट्याला फोन करायची.

"वाढलं या वेळी."

"बरं."

"बरं काय? ओरड की."

"मला कुठे तेवढा दम आहे? पुढच्या आठवड्यात सांग."

त्याची बायको फोनवर यायची नाही. मात्र एके दिवशी ती दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या गेटवर आली. हातात पिशवी, त्यात घोट्याला आधार देणारे नवे बूट. "यांनी सांगितलं तुमचा पाय सुजतो म्हणून," एवढंच बोलली. माफी मागितली नाही, थोरलीनंही मागितली नाही. थोरलीनं बूट तिथेच गेटजवळच्या बाकावर बसून पायात घातले, आणि भावजयीनं खाली वाकून नाड्या बांधून दिल्या, कारण थोरलीला अजून नीट वाकता येत नव्हतं.

पंधरा किलो उतरायला वर्षभरापेक्षा थोडाच कमी वेळ लागला. त्यात मधले फुकट गेलेले महिने मिळवले तर धाकट्यानं त्या खुर्चीत फार काळ काढला होता. तारीख मिळाली. ऑपरेशनच्या सकाळी थोरलीनं नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की परिचारिकेला बोटं सोडवावी लागली. तिला शुद्ध आली ती खोकल्यानं, आणि कुशीत आग पेटल्यासारखं दुखत होतं. तिनं पहिल्यांदा बोटं हलवून बघितली. जिवंत होती.

किडनी लगेच चालली नाही. नव्या जागी ती झोपूनच राहिली, आणि धाकट्याला आणखी दोनदा मशीनवर घ्यावं लागलं. थोरली भिंत धरत धरत त्याच्या खोलीच्या काचेपाशी आली. आत जायची परवानगी नव्हती. त्यानं आतून फोन केला. "तुझीच आहे बघ," तो म्हणाला, "चार वेळा सांगितल्याशिवाय उठत नाही." ती हसली आणि टाक्यांमुळे कळवळली. पाचव्या दिवशी किडनी उठली. लघवीची पिशवी भरली, हे त्याच्या बायकोनं ज्या आवाजात सांगितलं तो आवाज थोरलीनं तिचा आधी कधी ऐकला नव्हता.

पण सगळं काही परत मिळालं नाही. लांबलेल्या आजारपणानं धाकट्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. परांचीवर चढायचं काम आता नाहीच, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. थोरलीनं त्यांना एकटीनं गाठून विचारलं, "हे ऑपरेशन वेळेवर झालं असतं, तर?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कदाचित फरक पडला असता. खात्रीनं नाही सांगता येत."

त्या खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल थोरलीनं त्यांचे आभार मानले, आणि जिन्यात येऊन बसली. नवरा शोधत आला तेव्हाही ती तिथेच बसली होती. तो काही न विचारता शेजारच्या पायरीवर बसला.

आता धाकटा जमिनीवर उभं राहून करता येईल तेवढंच काम घेतो: दारं, खिडक्यांच्या चौकटी, कपाटं. पाणी हवं तेवढं पितो. थोरलीचं वजन ऑपरेशननंतर पुन्हा थोडं चढलं, मग उतरलं, आणि मधल्या हिवाळ्यात परत चढलं. कारखान्यातल्या एका नव्या पोरीनं तिला डबा खाल्ल्यावर गोदामाकडे जाताना बघितलं आणि विचारलं, "अजून किती दिवस चालायचं तुम्हाला, मावशी?"

"तसं काही ठरलेलं नाही गं," थोरली म्हणाली, आणि घोट्याला जपत आत गेली.